चालू नळ

समुपदेशक बाईंच्या दाराबाहेर एक आई आणि तिची पंधरा-सोळा वर्षांची लेक बसली होती. दोघी हळू बोलत होत्या, तरी काउंटरमागच्या रिसेप्शनिस्टच्या कानावर शब्द न् शब्द पडत होता.

“आत गेल्यावर सगळं सांग. बाथरूमचंही.”

“बाथरूमचं काय?”

“तासन् तास नळ सोडून बसतेस ते. टाकी रिकामी होते आणि बाबा माझ्या नावानं शंख करतात.”

“सांगेन.”

“मला सांग ना आधी. काय करतेस आत?”

“रडते.”

“अगं बाई! मग नळ कशाला?”

“तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.”

“आणि मी काय मेले होते? आईपाशी येऊन मोकळं व्हायचं सोडून ही थेरं कुठून शिकलीस?”

“आई, हळू बोल.”

“नाही, सांगच. कुणी शिकवलं?”

“रोज तुझी भांडी घासून होतात ना, आई... भांड्यांचा आवाज थांबतो. नळ चालूच राहतो.”

आईनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

रिसेप्शनिस्टनं घसा खाकरला. “चला, आत जा.”

लेकीनं आईच्या मांडीवरची पर्स उचलून स्वतःकडे घेतली.

“आधी तू जा.”