न आलेल्यांचा नियम

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर यायला वेळ होता. बेकरीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर प्लास्टरमधला पाय लांब करून बसला होता. शेजारी मानेला पट्टा बांधलेले लीगचे सचिव आणि त्यांचा मेहुणा, शिंपी संघाचा मॅनेजर. दोघांनी त्याला आजवर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनच पाहिलं होतं.

“भावोजी, हा कुठला न्याय? बेकरीवाल्यांना आम्ही घाम गाळून दोन गोलांनी हरवलं. पुढच्या रविवारी ते छापखान्याशी खेळायला फिरकलेच नाहीत, तर छापखान्याला घरबसल्या तीन गोल! गुण सारखे असूनही त्या एका गोलाच्या फरकाने आमची बाद फेरी हुकली.”

“नियमच आहे तसा.”

“मग बदला. संघ आला नाही तर समोरच्याला गुण द्या, गोल कशाला?”

“रास्त आहे. पण ते आले का नाहीत?”

“म्हणे, गोलकीपर नव्हता.”

“कुठे गेला?”

“आमच्याच सामन्यात आडवा झाला ना! आमच्या फॉरवर्डचा बूट जरासा लागला. तो लोळत होता तेवढ्यात आम्ही दुसरा गोल उरकून घेतला.”

“अरे, म्हणजे तुम्हीच त्याला...”

“नियमात कारणं घुसडू नका हो, भावोजी. अशाने न्याय व्हायचा कसा?”

सचिवांना मान हलवता येत नव्हती.

“बेकरीचे गोलकीपर, चला आत,” नर्सने हाक मारली.

गोलकीपरने कुबड्या काखेत घेतल्या. मॅनेजरने पाय आखडून वाट दिली.

“अहो, तुम्ही होय ते! त्या रविवारी असेच येऊन गोलात नुसते उभे राहिला असतात, तर काय बिघडलं असतं?”