जड लागलेला डबा

रिकामा म्हणून आलेला डबा उचलला तर जड लागला.

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात अकोल्याच्या एका दिवंगत, मोठ्या सिनेछायालेखकाचं प्रदर्शन होतं. त्यांच्या मुलीने, सुनंदाताईंनी, त्यांचा कॅमेरा आणि फिल्म भरायचा हा डबा पाठवला होता.

माझ्या वर्गातला सागर झाकण फिरवायला लागला. "उघडाच ठेवू. लोकाइले आतलं दिसलं पाहिजे."

"अरे, आत न धुतलेलं रीळ असलं तर? उजेड लागला की संपलं सगळं!"

"पाह्यल्यानं काही पुसते काय?"

आम्ही सगळे मोबाइलवर शूटिंग शिकलेले, त्याला ते खरंच पटेना. मी डबा पोटाशी धरून सुनंदाताईंना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला.

"तू तं झुरळ दिसलं तरी पोलिसाले फोन करशील! दे इकडे, पाहुणे येऊन राहिले."

तो डबा ओढतोय, मी सोडत नाहीये, आणि एकदाचा फोन उचलला गेला.

"ताई, डब्यात रीळ आहे का हो?"

"पोरी, रिकाम्याच्या जागी तो तुह्यापाशी आला काय? उघडू नको! त्यात माही माय हाय, बाबानं शूट केलेली. आमी सकाळपासून घरभर तोच शोधून राहिलो!"