हेडमास्तरांची पालनी

बस धडगावच्या घाटात चढत होती. माझा गुरुवारचा जप चालू होता. शेजारची जागा रिकामी असूनही एका शाळेचे हेडमास्तर वरचा दांडा धरून उभे होते. समोरच्या बाकावर त्यांच्या गावचे जामसिंगदादा आरामात बसले होते.

"सर, बसा की!"

"कसा बसू, दादा? तुम्हीच म्हणालात, होळीला अंगावर राखेची नक्षी काढून, बुध्या होऊन नाचायचं तर पाच दिवस पालनी. खाट नाही, खुर्ची नाही, अंघोळ नाही."

"मग नवस कशाला बोललात?"

"दहावीची सगळी पोरं पास होतील असं वाटलं होतं का कुणाला? आठ वर्षांत कधी झाली होती?"

"म्हणजे देवाला फसवत होता?"

"देवाला नाही हो, पोरांना. म्हटलं, सर नाचणार म्हणून तरी अभ्यास करतील."

"केला की!"

"अहो, उद्या शिक्षणाधिकारी येताहेत शाळेत. मी असा पारोसा, जमिनीवर बसलेला!"

"साहेबांना पण खाली बसवा. जरा लांब बसवा."

"नोकरी जाईल माझी. पुढच्या वर्षी नाचलो तर?"

"चालेल. पण यंदाची पोरं म्हणतील, सर पुढच्या वर्षी नाचणार, तर आम्हीपण पुढच्या वर्षी पास होऊ."

वळण आलं. हेडमास्तर दांड्याला लोंबकळले, पण बसले नाहीत.

"बरं, कमरेला घुंगरं किती बांधायची?"

"पास झालेल्या पोरांइतकी."

"सदतीस?"

"जास्त वाटतात, तर थोडं कमी शिकवायचं होतं, सर."