पाठपोट छापणे

...नाही पण मला सांगा, कागदावर एवढ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं 'पाठपोट छापणे', मग एकच बाजू का छापता हो? तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीला घाम काय फुटतो? सांगतो!

मी मुळात भूगोलाचा माणूस! नद्या, वारे, नकाशे... बरं चाललं होतं. तर मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, नववीला माध्यम-शिक्षण घ्या, तुमचा एक तास मोकळा दिसतो." मोकळा? अहो, तो डबा खायचा तास! पण माझी नेमणूक वर्षाची, कायम करायचं पत्र बाईंच्या टेबलावर... नाही कोण म्हणणार? घरी बायको म्हणते, "मोबाईलवर आलेलं सगळं खरं मानता, तुम्ही काय शिकवणार?" घ्या!

आणि साहित्य काय, तर एक फाटका तक्ता न् एक मुका प्रोजेक्टर! म्हटलं, आपणच एक सरावाचा कागद करू. पुढच्या बाजूला खोटी बातमी: 'नववीची वार्षिक परीक्षा रद्द.' मागच्या बाजूला प्रश्न: बातमी कोणी दिली? पुरावा काय? खात्री कशी कराल? आहे की नाही डोकं? पण शिपाईमामांनी छापली फक्त पुढची बाजू, ऑफिसातल्या बाईंना वाटली सूचना, त्यांनी चारही तुकड्यांत वाटून टाकली!

तुम्हाला सांगतो, दुपारपर्यंत पालकांचे फोन! गणिताचे सर तर खुर्चीतून उठून म्हणाले, "सुटलो बुवा, पेपर तपासणं वाचलं!" मी म्हटलं, अहो, खोटं आहे ते. तर माझ्यावरच डाफरले, "तुम्हाला काय कळतंय? छापील आहे!" खरंच, मला काय कळतंय... मी मुळात भूगोलाचा माणूस!

आणि मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. ठरवलं, खरं सांगून टाकायचं. तोंड उघडतोय तोच बाई म्हणतात, "बरं झालं आलात! कुणीतरी अफवा पसरवलीय. या विषयातले जाणकार तुम्हीच, शोधून काढा. जो असेल त्याला मी एक दिवस ठेवणार नाही!" मी म्हटलं... "हो बाई."

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तर पहिल्या बाकावरची मुलगी नऊ पानं पुढे करते. "सर, तुम्ही शिकवलंत तसं आम्ही तपासलं." वाचतोय न् अंगाला दरदरून घाम! बातमीच्या अक्षरांचा ठसा भूगोलाच्या चाचणीच्या पेपराशी जुळतो. छपाईच्या वहीत त्या दिवशी नोंद एकाच शिक्षकाची, खाली सही. शिपाईमामांची मुलाखत, तारखेसकट! म्हणते, "मोठ्या बाईंना द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघा."

बघितलं. जिवाच्या आकांताने चूक शोधली हो... एक सापडेल तर शपथ! लाल पेन काढलं, दहापैकी दहा दिले, खाली सही केली.

पोरगी सही निरखून म्हणते, "थँक्यू सर, वहीतल्या सहीशी ताडून बघायला एवढीच हवी होती."

शिकली हो मुलं... शिकली!