मामाला शिकागो दाखवलं तो दिवस

नाव एफ्राइन ओरोझ्को. वय एकोणीस. धंदा: टायरच्या दुकानात मदतनीस होतो, मालकाच्या टोपीत आतून ग्रीस लावलं तेव्हापासून नाही. शिक्षण अकरावी, तेही ढकलत ढकलत. राहणार पिल्सन वस्ती, तिसरा मजला, शिकागो.

मी ठाण्यात स्वतःच्या पायांनी आलोय, कोणी धरून आणलेलं नाही. समोर बसलेल्या बाई लिहून घेतायत आणि मी सांगतो ते असं.

खुर्च्या मी हलवल्या. हे पहिलं लिहा, बाई. बाहेर बाकावर जो म्हातारा बसलाय, ओले हातमोजे मांडीवर घेऊन, तो बर्नार्ड वोज्निआक. आमच्या समोर राहतो. त्याच्या दारासमोरचा बर्फ त्यानं एकट्यानं उपसला, छातीचं ऑपरेशन झालेलं असताना. मग त्या जागेत स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या ठेवल्या आणि वर झाडू आडवा टाकला. तुम्ही इथल्याच, तुम्हाला काय सांगायचं. ज्यानं उपसलं त्याची जागा, बर्फ जाईपर्यंत. सख्खा भाऊ आला तरी तिथे गाडी लावत नाही. मला हे माहीत होतं. तरी मी त्या खुर्च्या उचलल्या आणि मागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यांमागे टाकल्या. वोज्निआकला कोणी हलवल्या ते माहीत नव्हतं. तुमच्यापुढे तो "मीच केलं, मीच केलं" एवढंच म्हणतोय असं ऐकलं. तो अर्धंच सांगतोय, कारण उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे.

गाडीत जो माणूस होता तो माझा मामा, एलिसेओ. आईचा मोठा भाऊ. लारेडोला असतो, टेक्सासच्या पार खालच्या टोकाला. आयुष्य कांद्याच्या गोदामात गेलं. बर्फ त्यानं फक्त फ्रीजमध्ये बघितलेला. आई म्हणाली, "माझा भाऊ पहिल्यांदा आलाय, त्याला नीट शहर दाखव. आणि तुझे चाळे नकोत."

मी म्हटलं, "कसले चाळे?"

सकाळी आईची गाडी घेऊन निघालो. आधी बागेतलं ते घेवड्याच्या दाण्यासारखं, आरशासारखं चकचकीत भलंमोठं शिल्प. मामा त्यात स्वतःचं पोट बघत बसला. मी म्हटलं, "मामा, फार जवळ जाऊ नको, थंडीत हे फुगतं. मागच्या वर्षी एक बाई चिकटली होती." मामा दोन पावलं मागे सरला आणि त्यानं शेजारच्या अनोळखी बाईलापण हाताला धरून मागे घेतलं. संग्रहालयाच्या दारातल्या ब्राँझच्या सिंहांबद्दल सांगितलं की रात्री यांना आत नेऊन बांधतात. तो म्हणाला, "बरं करतात. एवढ्या गारठ्यात मुकी जनावरं."

मग उंच टॉवरवर नेलं. तिथे भिंतीबाहेर काचेचं खोकं आहे, त्यात उभं राहिलं की पायाखाली काहीच नाही. मी विचारलं, "मामा, सकाळी किती खाल्लंस? वजनाची मर्यादा आहे." त्याचा हात माझ्या दंडाला असा घट्ट बसला की वळ आहेत अजून, दाखवू शकतो. पण तो बाहेर पडला नाही. खाली बघत राहिला आणि म्हणाला, "इथून माणसं मुंगीएवढीपण दिसत नाहीत रे. एवढ्या पसाऱ्यात तुझी आई रोज एकटी कामाला जाते?"

मी लिफ्टचं बटण दाबलं.

दुपारी गाड्यावर सॉसेजपाव खाल्ला. मी मामाला शिकवलं की टोमॅटो सॉस माग, इथे तो मागणाऱ्याला मान देतात. गाडेवाला ओरडला, "सॉस? बरोबर लहान मूल आहे का? नाही? मग मोहरी लाव नाहीतर उपाशी जा!" रांगेतले सगळे फिदीफिदी हसले, इथे मोठा माणूस त्यावर सॉस घेत नाही. मामानं टोपी काढून माफी मागितली, मोहरी लावून खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "भाचेबुवा, जबरी आहे. थेट नाकात जाते."

असा दिवस. तो एकदाही चिडला नाही. चिडला असता तर मी थांबलो असतो असं वाटतं. खात्री देत नाही.

घरी आलो तेव्हा अंधारायला लागलं होतं आणि आमच्या रस्त्याला कुठेच जागा नव्हती. तेव्हा मी खुर्च्या हलवल्या. मामानं विचारलं, "या कुणाच्या?" मी म्हटलं, "पालिकेच्या. पाहुण्यांना बसायला ठेवतात." तो उचलण्याआधी एका खुर्चीवर बसला, मला फोटो काढायला लावला. मग म्हणाला, "मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून बहिणीला गोड पाव आणतो. तिला लहानपणापासून आवडतो. चावी दे, माझी जाड बंडी डिकीत आहे." मी चावी दिली आणि वर गेलो.

वर जाऊन गरम पाण्यानं अंघोळ केली, मग खिडकीत बसलो. खरं सांगायचं तर मला वोज्निआकचं तोंड बघायचं होतं. खुर्च्या गेल्याचं बघून म्हातारा नाचेल, तेवढंच.

तो नाचला नाही. तो आला, गाडी बघितली, बराच वेळ नुसता उभा राहिला. मग फावडं आणलं आणि बाजूला उपसलेला सगळा बर्फ परत गाडीवर लोटायला लागला. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. मध्येमध्ये छातीवर हात ठेवून थांबत होता. मग तळघरातून नळी ओढून आणली आणि वरून पाणी मारलं. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे दुसऱ्याच्या जागेत लावलेल्या गाडीचं काय करतात. पाणी पडता पडता गोठत होतं. दारं, काचा, सगळं काचेच्या बरणीसारखं झालं. मी हे फोनवर टिपलं. त्यात माझं हसणं ऐकू येतं. फोन तुमच्या टेबलावर ठेवलाय.

मित्रांना पाठवत होतो तेव्हा मामाचा फोन आला. मी कापला. वाटलं, कुठला पाव घेऊ म्हणून विचारत असेल.

थोड्या वेळानं आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एलिसेओ कुठेय?"

"बेकरीत."

"बेकरी केव्हाच बंद झाली, गाढवा."

तिनं त्याला फोन लावला. मी खिडकीतच होतो. खाली, त्या बर्फाच्या ढेकळाच्या आत, मागच्या सीटवर, एक निळा उजेड लागला. लागला आणि विझला नाही.

पायऱ्या कशा उतरलो ते सांगता येत नाही. गाडीपाशी गेलो तर इंजिनाची घरघर ऐकू आली. मामा पाव घेऊन लगेच परतला होता, पाय गारठले, जिने चढायच्या आधी जरा टेकावं म्हणून मागच्या सीटवर घोंगडी ओढून आडवा झाला आणि डोळा लागला, हे नंतर घोंगडी आणि पावाची पिशवी बघून उमगलं. काचांवर आतून वाफ आणि बाहेरून बर्फ, त्यामुळे वोज्निआकला दिसायचा प्रश्नच नव्हता. जाग आली तेव्हा दारं उघडेनात, म्हणून त्यानं इंजिन सुरू केलं. पण धुराची नळी तर लोटलेल्या बर्फाखाली गेलेली. धूर बाहेर नाही, आत.

मी दार ओढलं, लाथा मारल्या, ओरडलो. वोज्निआक नुसत्या मोज्यांवर बाहेर आला. "काय रे, तुझी गाडी का ही?"

"आत माणूस आहे!"

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. पुन्हा काही विचारलं नाही. फावडं माझ्या हातात कोंबलं, "मागची काच, कोपऱ्यावर मार, मधे नको," असं म्हणून स्वतः गुडघ्यांवर बसला आणि हातांनी धुराच्या नळीवरचा बर्फ ओरबाडायला लागला. मी मारत होतो, बर्फ उडत होता, काच फुटत नव्हती. आई वरच्या खिडकीतून काय ओरडत होती ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी फुटली. मामा पावाची पिशवी पोटाशी धरून पडला होता. ओठ लाल होते, जास्तच लाल, त्या धुरानं होतात तसे. आम्ही दोघांनी ओढून काढला. वोज्निआकनं स्वतःचा कोट काढून त्याच्या खाली घातला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एकच बोलत राहिला, "श्वास घे, बाबा. जागा तुझीच. घे श्वास."

विचारल्यावरून सांगतो: नाही, वोज्निआकला आत कोणी आहे हे माहीत नव्हतं. गाडी आमची आहे हेसुद्धा नाही, दिवसभराच्या चिखलबर्फानं ती ओळखू येत नव्हती. माहीत असतं तर आधी वर येऊन माझा कान पिळला असता. याआधी पिळलाय.

पुढचा प्रश्न: मामानं हॉर्न का वाजवला नाही, खिडकी का फोडली नाही?

(इथे जबाब देणाऱ्याला पाणी दिलं.)

सांगतो. सकाळी तळ्याकाठच्या रस्त्यानं जाताना त्यानं विचारलं होतं, "गाडी बर्फात अडकली तर काय करतात रे तुम्ही लोक?" मी म्हटलं, "मामा, गप्प बसायचं. हॉर्न वाजवला की दंड. काच फोडली की तुरुंग. इंजिन चालू ठेवून बसून राहायचं, पालिकेची गाडी येते आणि सोडवते." तो म्हणाला, "शहर आहे बाबा, शिस्त पाहिजेच." मला हसू आवरलं नव्हतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं होतं.

इस्पितळात मामानं डोळे उघडले. डॉक्टर म्हणतात, डोक्यावर किती परिणाम झालाय ते एवढ्यात सांगता येत नाही. नळ्या लावल्यात. आईनं त्याचा हात धरला होता. त्यानं तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाला, "मी हॉर्न वाजवला नाही हं, भाचेबुवा."

आई म्हणाली, "भ्रमात बडबडतोय बिचारा."

मी म्हटलं, "हो."

आणि तिथून सरळ इकडे आलो.

माझ्यावर जे काय लावायचं ते लावा. त्या म्हाताऱ्याला घरी सोडा, त्याच्या पायात अजून ओले मोजे आहेत. बाईंनी वरचं सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोललो तसंच आहे, हसण्याचंसुद्धा. खाली माझी सही आहे.

एकच हात जोडून मागतो, बाई, आणि पुढे हा कागद जो कोणी उघडेल त्यालाही. खुर्च्यांचं सांगा, व्हिडिओ दाखवा, न्यायाधीशासमोर वाचा. पण हॉर्नचं माझ्या आईला सांगू नका. ती आत्ता त्याच्या उशाशी बसलीय आणि येणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगतेय की माझ्या पोरानं काच फोडून माझ्या भावाला बाहेर काढलं. कोणालाच सांगू नका. पाया पडतो.