पेटीला सुट्टी न्हाई

न्हाई न्हाई, पेढा इकडंच आणून द्या, मला उठता येत न्हाई... व्हय, पाय धड हायत, कंबरबी धड हाय, पर आज दिवसभर ह्या खोक्यावरनं उठायचं न्हाई असं ठरलंय म्हणून उठत न्हाई. तुमी खंडेनवमीच्या पूजेला आलाव, चिवडा खावा, तिकडं यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्यात, पान्यांना अन् हातोड्यांना कुंकू लावलंय, मेन स्विच खाली केलाय, सगळ्या दाळगिरणीला आज विश्रांती हाय, अन् मी एकटा हितं पहाऱ्याला. कामून म्हणून इचारायलाव? मंग बसा, ते पोतं वढून घ्या, सांगतो.

ही माझ्या शेजारची लोखंडी पेटी बघितलाव का, दिवे लुकलुकायलेत ती? हिचं नाव लई मोठं हाय, इंग्रजीत हाय, मला येत न्हाई, आमच्या आळंदमध्ये सगळे पेटीच म्हणतेत. मुंबईकडं साबणाचा कारखाना बंद पडला, तिथनं आमच्या सोसायटीनं ही जुनी उचलून आणली. तिथं ती साबण करायची, हितं तूर करती. तुरीवर पानी कवा मारायचं, ढोल कवा फिरवायचा, गरम हवा कवा सोडायची, दार कवा उघडायचं, सगळं हिच्या डोक्यात. पुण्याचा एक साहेब आला, आठ दिवस बसला, हिच्या डोक्यातला साबण काढला, तूर घातली अन् गेला. जाताना मला म्हणला, "शिवशरण, आत एक छोटी बॅटरी आहे. करंट गेला की तिच्या जिवावर पेटी सगळं लक्षात ठेवते. दोन वर्षांनी बदला, आणि करंट चालू असतानाच बदला." मी म्हणलं बरं. मी काय इंजिनियर न्हाई बापा, मी वायरमन.

दोन वर्सं झाली, मी अर्ज दिला. मॅनेजर पांडुरंगराव, माणूस देवासारखा, पर अर्ज हातात घेतला की त्यांना चष्मा सापडत न्हाई. "बॅटरी? टॉर्चची चालत नाही का? मशीन चालू आहे ना? मग?" दुसरा अर्ज, तिसरा अर्ज... सहा अर्ज दिले. तवर ती बॅटरी मरायला टेकली की! अन् आपल्याकडं करंट दिवसातनं चार बारी जातो. मंग मी काय केलं, सोसायटीचा जुना ट्रॅक्टर मागं बंद पडून उभा व्हता, त्याची बॅटरी काढली, मधी दोन-तीन बारीक सामान जोडून करंट कमी केला, अन् पेटीच्या मागनं दिली लावून. तीन वर्सं चालली. कोणाला कळलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई. चूक केली का? सांगा तुमी. गिरणी तर चालली ना?

आता ऐका. तीन वर्सांमागची गोष्ट, अशीच खंडेनवमी. माझ्या थोरल्या लेकीला दुसरं लेकरू झालेलं. पहिलं आमच्यात झालं, हे तिच्या सासरी, ठाणाकुशनूरला. एकादशीला पाळणा. आमची लिंगम्मा चार दिवस आधीच गेलेली, अन् लेकराची कुंची इथल्या शिंप्याकडं शिवायला टाकलेली, ती घिऊन मी जायचं. जाताना बजावून गेली, "रिकाम्या हातानं आलाव तर चालंल, पर कुंची येऊ द्या. आजोळची कुंची लागती, लोक बघतेत." मी म्हणलं, येतो की. दसऱ्याला रजा मांडली, कुंची शिंप्याकडनं आणली, पिवळी, लाल गोंड्याची, पिशवीत घातली अन् ह्याच खुंटीला अडकवली.

खंडेनवमीला मी घरी आंघोळीला गेलतो. तवर पांडुरंगरावांनी मेन स्विच खाली वढला. "आज सगळ्यांना विश्रांती." चांगलं हाय, पेटीला ट्रॅक्टरची बॅटरी व्हती. पर गुरप्पा... आमचा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, दरसाल भाईरनंच हार घालायचा, त्या साली त्याला इंजिनाचीबी पूजा करायची. बॉनेट उघडलं तर बॅटरी न्हाई! हुडकत हुडकत वायर धरून पेटीच्या मागं आला, बॅटरी सोडवली, चिंचेनं धुतली, हळदकुंकू लावलं, वर एक झेंडू खोवला अन् पान्यांच्या रांगेत ठिवली. मागनं म्या इचारलं, "गुरप्पा, काढताना मला तरी इचारायचं." तर म्हणतो, "शिवशरण अण्णा, तीबी हत्यारच की. वर्साचा एक दिवस. तिची पूजा नको का?"  त्याचं चुकलं म्हणावं तर धर्माला बोलल्यासारखं व्हतंय.

दसऱ्याला सकाळी स्विच वर केला. पेटीत एकच तांबडा दिवा. ढोलात अष्टमीच्या रात्री भिजवलेली साठ पोती तूर, अन् पेटी काय करायचं तेच इसरलेली. साबणबी इसरली, तूरबी इसरली. पांडुरंगराव माझ्याकडं बघायलेत. "शिवशरण, ही तूर आंबली तर सोसायटी ही पेटी भंगारात घालील, आणि आपल्यालाही. दाळ निघाल्याशिवाय रजा नाही." मी खुंटीवरच्या पिशवीकडं बघितलं. म्हणलं बरं. मी वायरमन.

पुण्याला ट्रंक कॉल लावला, पोस्टात दीड तास उभा. साहेब म्हणला, "मी सगळं एका वहीत लिहून दिलंय, आणि ते पेटीत परत भरायला प्रोग्रामर लागेल, सुटकेससारखं यंत्र असतं ते." वही कुठाय? पांडुरंगरावांनी चष्मा काढून पुसला. मंग हळूच म्हणले, "ती सरस्वतीपुढं मांडलीय. आमच्या घरी. आज संध्याकाळी सोनं लुटल्याशिवाय उचलता येत नाही." म्हणजे बघा तुमी, बॅटरी हत्यारात गेली अन् वही पुस्तकात गेली. एकाच सणानं दोनीबी नेली.

सुटकेस मिळाली गुलबर्ग्याला, एका सिमेंट कारखान्यात, तिथला वायरमन माझ्या वळखीचा. येताना बसमध्ये मांडीवर घेतली, लेकरासारखी. कंडक्टर म्हणतो, "क्या है जी अंदर, हार्मोनियम?" म्हणलं, न्हाई जी, पेटी को बोलनेका है. "पेटी से पेटी बात करती?" व्हय म्हणलं. त्यानं सुटकेसचं अर्धं तिकीट फाडलं अन् माझ्यापासनं जरा लांब जाऊन उभा ऱ्हायला.

हितं येऊन बघतो तर सुटकेसची वायर एका तऱ्हेची, पेटीचं तोंड दुसऱ्या तऱ्हेचं. वायरीच्या टोकाला पंचवीस टाचण्या, पेटीला पंधराच भोकं. गुलबर्ग्यावाल्यानं सिगरेटच्या पाकिटावर लिहून दिलतं, कुठली कुठं. एकेक तार सोलली, डाग लावला, बोटं भाजली. तवा कुठं सुटकेसवर हिरवा दिवा लागला. पांडुरंगराव म्हणले, "जोडलं गेलं?" जोडलं गेलं साहेब. "मग काय म्हणतेय?" म्हणलं, आत कोणीबी न्हाई म्हणायली.

सोनं लुटून झालं, वही आली, तिला हळदीचा वास. उघडली. काय सुंदर अक्षर! पानी चालू, पानी बंद, ढोल चालू, हवा, दार, चौदा पायऱ्या, एकाखाली एक. अन् समोरच्या रकान्यात, वेळ किती? तर प्रत्येक वळीत एकच... "जागेवर ठरवावी." ठरवली व्हती की जागेवर! साहेबानं पेटीत भरली, वहीत लिहायची ऱ्हायली. पुन्हा फोन लावला तर साहेब सणाला गावाला गेलेला. तुमाला सांगतो, मी हितं खाली बसलो अन् मला रडू आलं. उद्या एकादशी, तूर आंबटसर वास मारायली, अन् कुंची खुंटीला.

एकादशीला सकाळी सिद्धम्मा आली. ही झाडू मारती आमच्यात, ढोलाखाली सांडलेलं येचती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं अण्णा?" सांगितलं. तर म्हणती, "आत्ता! एवढंच व्हय? पानी सुटलं की मी दाराकडनं झाडत निघती, तिसऱ्या खांबाला आले की पानी बंद. ढोल थांबंस्तर चार सुपं पाखडून व्हतेत. दार उघडायच्या आधी मी बाजूला व्हती, न्हाईतर डोक्यावर तूर पडती. सहा वर्सं माझ्या डोक्यावर पडू दिली न्हाई." मी पांडुरंगरावांचं घड्याळ मागून घेतलं. म्हणलं, झाड सिद्धम्मा.

पयल्यांदा तिसऱ्या खांबाला यायला अकरा मिनिटं. एवढं पानी मारलं तर तुरीचं वरण व्हईल की! मंग ध्यानात आलं. मॅनेजर समोर उभे, म्हणून ही कोपरान्‌कोपरा काढायली, खांबसुदीक पुसायली. म्हणलं, साहेब, तुमी जरा भाईर थांबा. ते गेले. चार मिनिटं. सुपं पाखडली, साहेबांनी खिडकीतनं डोकावलं, पुन्हा वेळ बिघडला, पुन्हा पाखडली. ती झाडायली, मी बटनं दाबायलो, अशा चौदा पायऱ्या. दुपारी बारा वाजता पेटी चालू केली. पानी सुटलं, सिद्धम्मा झाडत निघाली, तिसऱ्या खांबाला आली... अन् बंद! ती माझ्याकडं बघून हसली. पुढच्या पायऱ्याबी बरोबर झाल्या, दाळ निघाली, तूर वाचली. तवा मला लई बरं वाटलं, खोटं कामून सांगू.

पिशवी घिऊन पळालो. दोन बस बदलून ठाणाकुशनूरला पोचलो तवा दिवे लागलेले. पाळणा झालेला. शेजारणीच्या लेकराची कुंची मागून आणून घातलेली, ती परत देऊनबी झालेली. लिंगम्मानं माझ्या हातातली पिशवी घेतली, कुंची काढली, गोंडा सरळ केला अन् घडी घालून ठिवून दिली. "जेवलाव का?" एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासनं नेम झाला. खंडेनवमीला मेन स्विच खाली, पर पेटीचा एकटीचा करंट चालू. तो गेला तर ट्रॅक्टरची बॅटरी. अन् ती बॅटरी कोणी धुवायला नेऊ नये म्हणून खोक्यात घालून वर मी. नातीचा वाढदिवसबी ह्याच सुमाराला येतो बगा, दरसाल. तीन साल झाले, गेलो न्हाई.

काय म्हणलाव? नवी बॅटरी? आली की! सातवा अर्ज पास झाला, गेल्या महिन्यात आली. मी म्हणलं साहेब, आजच बसवतो. तर पांडुरंगराव म्हणले, "नवी वस्तू आहे, खंडेनवमीच्या मुहूर्तावर बसवू." म्हणलं बरं. आज सकाळी करंट चालू ठिवून बसवायला गेलो तर म्हणतेत, "आज? चालू करंटात? आज हत्याराला हात लावतात का?" ती बगा, तिथं देव्हाऱ्यात, दोनी टोकांना कुंकू.

थांबा, सिद्धम्मा आरती घिऊन आली. ...खोक्याला लावतीस? लाव. अगं अगं, माझ्या कपाळाला कामून? झेंडू कशाला कानात? "तुमीबी पूजेतच की, अण्णा. खाली बॅटरी, वर तुमी, येगळं कसं करू?" बरं बाई. मंग एक सांग, हत्याराला आज सुट्टी असती ना?

"असती की. पर तुमी बंद पडलाव तर पेटी इसरती."

ऐकलाव? पूजा झाली माझी. आता तेवढा पेढा द्या हिकडं.