मूठभर माकड आणि गरुड

ड्यूटी संपवून नर्सबाई बसमध्ये बसल्या, तेव्हा मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती. दोघंही प्राणिसंग्रहालयातून निवृत्त झालेले. एकाने जन्मभर मूठभर आकाराची माकडं सांभाळलेली, दुसऱ्याने गरुड.

“माझं माकड खिशात मावायचं. त्याची पिल्लं त्याच्या पाठीवर आणि ते माझ्या खांद्यावर. तुझा गरुड वीस वर्षांत एकदा तरी लाडात आला का?”

“लाडात येईल तो गरुड कसला? माझ्या हातावर बसायचा, तेवढं पुरे होतं.”

“रिटायर झाल्यावर महिन्याने गेलो, तर पठ्ठ्याने जाळीतून माझं बोट धरलं ते सोडेचना. तू गेलास कधी?”

“नाही.”

“सात वर्षांत एकदाही नाही?”

“तुझी माकडं जवळ गेल्यावर ओळखतात रे. गरुड मला लांबून, फाटकातच ओळखणार. मग तिथून माघारी कसा फिरू?”

माकडवाल्याने खिडकीबाहेर नजर टाकली.

“तुला सांगणार नव्हतो. अजून फाटकाकडे तोंड करूनच बसतो तो. नव्या माणसाने त्याची बसायची फांदी दुसरीकडे लावून पाहिली, तरी तसाच.”

“पुढचा स्टॉप तिथलाच ना?”

“हो.”

“म्हणून मला या बसमध्ये बसवलंस?”

“म्हणूनच. ऊठ आता.”

“आधी सांगायचंस तरी. ड्यूटीचा खाकी शर्ट घालून आलो असतो.”

नर्सबाईंनी हात उंचावून घंटेची दोरी ओढली.

“सावकाश उतरा, आजोबा.”